शालिकरामचे शून्य वाघ

शालिकराम येऊलला वाघ मी दाखवला. तो वारल्यानंतर तेराव्या दिवशी, अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात, माइकवरून.

त्याआधी हे कोणाला जमलं नव्हतं. मेळघाटाला सव्वीस वर्षांत जमलं नाही. ताडोब्याला जमलं नाही, कान्ह्याला नाही, रणथंबोरला नाही. पार सुंदरबनापर्यंत हा माणूस एक कापडी पिशवी आणि पिशवीत जवसाची चटणी घेऊन गेला, होडीत बसला, आणि वाघ न बघता परत आला. वाघांनी त्याच्याबाबत आपसात काही ठरवलं असावं.

शालिकराम आणि मी अंजनगाव सुर्जीच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी अकोल्याला वर्तमानपत्रात लागलो आणि तो वीज खात्यात मीटर वाचायला लागला. म्हणजे लिहिण्याची नोकरी दोघांचीही होती. फरक एवढाच, की तो जे दिसेल तेच लिहायचा. दाराला कुलूप असेल तर 'घर बंद' लिहायचा. अंदाजे आकडा टाकून पुढे जाणं त्याला आयुष्यभर जमलं नाही, आणि मला आयुष्यभर दुसरं काही जमलं नाही.

उन्हाळ्यात रजा टाकून तो मेळघाटात जायचा. वनसोबती मंडळ म्हणून अमरावतीची एक संस्था आहे, तिच्यातर्फे पाणवठे साफ करायचा. गाळ उपसायचा, झऱ्याची वाट मोकळी करायची, पर्यटकांच्या बाटल्या वेचायच्या. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजायची. सकाळी फॉर्म भरून द्यायचा. त्याचा फॉर्म दरवर्षी असा असे : सांबर इतके, रानडुकरं इतकी, अस्वल असलंच तर एक, वाघ शून्य. शेजारच्या मचाणावरच्यांना साधारणपणे दीड वाघ दिसायचा. अर्धा म्हणजे नुसती शेपटी.

तर तेरवी. जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. आमच्या वऱ्हाडात माणूस तेरा दिवसांत जेवढा वाढतो तेवढा सत्तर वर्षांत वाढलेला नसतो. एकाने सांगितलं, शालिकराम नाग हाताने धरत असे. (पाल दिसली की तो स्टुलावर चढे.) दुसऱ्याने सांगितलं, त्याने दहा हजार झाडं लावली. (चारशे लावली, तीनशे अकरा जगली. त्याने मोजली होती.) मग वनसोबती मंडळाचे अध्यक्ष केशवराव उठले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यामुळे तास संपल्याची घंटा झाल्याशिवाय ते थांबत नाहीत, आणि मंगल कार्यालयात घंटा नव्हती. कढी दोनदा गरम करावी लागली.

शेवटी माइक माझ्या हातात आला. माझ्यापाशी दोन खरे शब्द होते. ते बोलायला गेलो तर घसा दाटला, आणि घसा दाटला की मी खोटं बोलतो. जुनी सवय आहे.

मी म्हणालो, "दोन हजार अकराची बुद्धपौर्णिमा. मेळघाटात सेमाडोहचा पाणवठा. वाघ आला. अकरा पावलांवर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मंडळी, नजर वाघाने खाली घेतली. पाणी प्यायला आणि गेला. शालिकराम हे कोणाला बोलला नाही. म्हणाला, तो वाघाचा खाजगी मामला आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली आणि ही तेरवी आहे हे आठवल्यावर ती डास मारल्यासारखी केली. शालिकरामच्या बायकोने, वच्छलावहिनीने, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बरं वाटलं तिला. माझ्या मित्राला सव्वीस वर्षांत जे कोणी दिलं नाही ते मी दिलं, या समाधानात मी तीन वाट्या कढी प्यायलो.

अकरा महिन्यांनी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, जेवले काय?"

"जेवलो वहिनी."

"मंग ठीक हाय. उपाशी माणसाले बोलू नाई. तुमी यायले वाघ काहून दाखवला?"

मी म्हणालो, कोणता वाघ. माणूस पकडला गेला की पहिल्यांदा हेच म्हणतो.

"मोबाइल पाहा. फोटो धाडला."

फोटोत एक भलामोठा पत्र्याचा फलक होता. त्यावर लिहिलेलं होतं : 'व्याघ्रतपस्वी कै. शालिकराम येऊल. ज्यांच्या नजरेपुढे वनराजाने नजर झुकवली.' खाली वाघाचं चित्र. चित्र परतवाड्याच्या पंजाबराव पेंटरचं होतं. वाघ चांगला धष्टपुष्ट होता, पण चेहऱ्यावरून तो नुकताच जावयाच्या घरून अपमान करून घेऊन आल्यासारखा दिसत होता.

"केशवरावनं धाडला, शुद्धलेखन तपासाले. रविवारी वर्षश्राद्ध. त्याच दिवशी सेमाडोहले लावून राहिले. तुमी उद्या अमरावतीले या."

"वहिनी, उद्या अकोल्यात पंचेचाळीस डिग्री सांगितलंय. या वयात..."

"अमरावतीत चव्वेचाळीसच हाय. एक कमीच पडते तुमाले. या."

मी गेलो. वहिनीने मला कैरीचं पन्हं दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि समोर एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला. डब्यात पोस्टकार्डं होती. शालिकराम कुठेही गेला की पोहोचल्याबरोबर वहिनीला एक कार्ड टाकायचा. कार्ड यायच्या आत तो स्वतःच घरी यायचा. मग चार दिवसांनी पोस्टमन आला की ते कार्ड हाच तिला मोठ्याने वाचून दाखवायचा, जणू दुसऱ्याच कोणाचं आलं आहे.

"वाचा," वहिनी म्हणाली.

मी वाचू लागलो.

'कान्हा. गवे ९, सगळे खाऊनपिऊन सुखी. वाघ ०. चहा बरा.'

'रणथंबोर. पुढच्या जीपला दिसला. मागच्या जीपलाही दिसला. आम्ही मधे होतो. वाघ ०.'

'गीर. सिंह ५. इथे वाघ नसतोच, तरी हे शून्य माझ्या नावावर धरू नये. वांग्याच्या भाजीत साखर टाकतात.'

'सुंदरबन. लाल खेकडे पुष्कळ, मोजता आले नाहीत, क्षमस्व. वाघ ०. होडी हलते.'

अशी एकशेचार कार्डं. मी हसत होतो, वहिनीही हसत होती. मधेच ती थांबली.

"भाऊजी, माह्यं लगन कसं झालं, माईत हाय ना तुमाले?"

मला माहीत होतं, पण तिला सांगायचं होतं.

"आमचा अंजनगावले पानमळा. मळ्यावर मोटर. हे नवे नवेच लागले होते, मीटर पाह्याले आले. माह्या बापानं चहा पाजला, पानाचे दोन विडे देल्ले नि म्हणे, 'बापू, आकडा जरा कमी लिहिजो.' यायनं चहा पेला, विडा खाल्ला नि जेवढा होता तेवढाच आकडा लिहिला. बाप असा तपला! आठ दिवस शिव्या देल्ल्या. नवव्या दिवशी यायच्या घरी गेला सोयरीक घेऊन. म्हणे, जो माणूस माह्या तोंडावर चार युनिट खोटे लिहीत नाई, तो पोरीले काय खोटं सांगन?"

पंखा फिरत होता. वहिनीने पदराने चष्मा पुसला.

"त्या एका गोष्टीवर मी या घरात आली. चव्वेचाळीस वर्षं हा माणूस गावोगाव फिरला नि मी घरी. मले गाडी लागते, म्हणून कधी संग गेली नाई. पण कार्डावर जे लिहिलं ते तसंच असे. लोक मले हसत. म्हणत, 'तुमच्या साहेबाले अजून वाघ नाई दिसला काय?' मी म्हणो, 'नाई दिसला.' मले त्याचा तोरा होता भाऊजी. आता तुमी पत्र्यावर लिहून ठेवलं का दिसला. मंग हे एकशेचार कार्डं काय खोटे हायेत? का चव्वेचाळीस वर्षं मी खोटी पडली?"

घसा दाटला होता, आणि या वेळी तोंड बंद ठेवण्याइतकी अक्कल होती.

तिने डब्याच्या तळातून शेवटचं कार्ड काढलं. गेल्या एप्रिलमधलं, तो गेला त्याच्या महिनाभर आधीचं. 'सेमाडोह. गाळ काढला, कंबर धरली. सांबर ६. वाघ ०. आता सवय झाली आहे. शून्य हेही रीडिंगच आहे, फक्त ते घ्यायला कोणी जात नाही.'

आम्ही ऑटो केला आणि केशवरावांकडे गेलो.

केशवराव पाहुण्यांची यादी करत बसले होते. वहिनीचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पालकांची तक्रार ऐकावी तसं.

"वहिनी, आता फलक तयार आहे. रंगही वाळला."

"रंग वाळला म्हणजे खोट्याचं खरं होते काय?"

"तसं नव्हे. पण शून्य वाघ पाहिलेल्या माणसाचा फलक लावला तर जंगलाची काही अब्रू राहील का? अंजनगावच्या शाळेत या प्रसंगावर नाटुकलं झालंय. वाघाचं काम करणाऱ्या मुलाला बक्षीस मिळालं."

मी खाकरलो. "केशवराव, तो वाघ मी बनवला. तेरवीत, माइक हातात आल्यावर."

केशवरावांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"तुम्ही बनवला असेल. मी पाहिला आहे."

"काय?"

"शेजारच्या मचाणावर मीच होतो. दोन हजार अकरा. मी एकटाच नाही, आणखी तिघांनी पाहिला. एकाकडे तर डरकाळीसुद्धा आहे."

"रेकॉर्ड केलेली?"

"तोंडाने काढून दाखवतो. हुबेहूब."

खरं सांगतो, क्षणभर मीही डगमगलो. चार साक्षीदार आणि एक डरकाळी, म्हणजे कोर्टातही टिकेल असा वाघ. न जाणो, आला असेल. मी बनवला म्हणून काय झालं?

वहिनीने शांतपणे विचारलं, "कोणतं साल म्हणता केशवराव?"

"दोन हजार अकरा. बुद्धपौर्णिमा. लख्ख चांदणं."

"त्या साली यायले कावीळ झालती."

केशवरावांनी यादीवर पेन ठेवलं.

"डोळे पिवळे, नखं पिवळे. दीड महिना उसाचा रस नि फुटाणे. मचाणावर कोण जाऊ देते? फॉर्म बी नाई त्या सालचा, पाहा तुमच्या फायलीत. तुमी दुसऱ्या दिवशी सेमाडोहहून परत येता येता घरी आलते, हे एवढं मोठं टरबूज घेऊन. म्हणाले, 'शालिकराम, तुह्याशिवाय मचाण सुनं सुनं वाटलं बापा.' आठवते काय?"

केशवरावांना टरबूज आठवलं. ते चेहऱ्यावर दिसलं.

"त्या साली पिवळं कोणी असन त हेच होते," वहिनी म्हणाली, "नि ते घरी होते."

केशवराव खुर्चीत मागे टेकले. मुख्याध्यापकाची प्रमाण भाषा त्यांना एकाएकी सोडून गेली.

"मंग वहिनी, मी काय पाह्यलं?"

"आता ते मले कसं माईत? मी त मचाणावर नव्हती."

केशवराव वाईट माणूस नाही. त्यांनी स्वतः उठून फाइल काढली, दोन हजार अकराचे फॉर्म पाहिले, शालिकरामचा नव्हता. स्वतःचाही पाहिला. त्यात वाघाच्या रकान्यात 'अर्धा' लिहिलेलं होतं. त्यांनी फाइल बंद केली आणि आमच्यासाठी आत चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मजकूर सांगा वहिनी. मी लिहून घेतो." अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी दुसऱ्याने सांगितलेलं लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ असावी.

अडचण उरली पंजाबराव पेंटरची. केशवरावांनी फोन स्पीकरवर लावला.

"अक्षरं बदलवून देतो," पंजाबराव म्हणाला, "पण वाघ मिटवाचा नाई. दोन दिवस बसलो त्याच्यावर. एक एक पट्टा हातानं वढला."

"अरे पण वाघच नकोय."

"मंग त्याच्यावर झुडूप काढतो. गच्च. वाघ आतमंधी राह्यन, दिसनार नाई."

केशवरावांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने क्षणभर विचार केला.

"बराबर हाय," ती म्हणाली. "यायले तसाच भेटे."

रविवारी सकाळी आम्ही सेमाडोहला गेलो. घाटात वहिनीने सात वळणं सोसली, आठव्याला गाडी थांबवली, तोंड धुतलं, आवळकाठी तोंडात टाकली आणि म्हणाली, "चला, एवढंच असते होय? उगाच भेली मी." पुढे ती खिडकीपाशी बसली आणि सागाची झाडं अशी बघत होती, जसं कोणी आपल्या माणसाच्या ऑफिसात पहिल्यांदा यावं.

पाणवठा गावाबाहेर, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. मे महिना असूनही पाणी होतं. शालिकरामच्या कंबरेचं काम अजून टिकून होतं. फलक दोन खांबांवर उभा केलेला, वर पिवळं कापड. मंडळाचे पंधरावीस जण आणि तिथली वनरक्षक साधना, पंचविशीची पोरगी, हातात पाणवठ्याची नोंदवही. शालिकराम तिला 'मॅडम' म्हणायचा आणि ती त्याला 'काका'.

वहिनीने कापड ओढलं. गच्च हिरवं झुडूप, आणि त्याच्या बाजूला अक्षरं :

'शालिकराम येऊल. सव्वीस उन्हाळे या पाणवठ्याचा गाळ काढला. मोजणी : सांबर ४१३, रानडुक्कर ६०८, अस्वल ११, वाघ ०.'

सगळ्यांनी ते वाचलं. मग मागून एकजण फिसकन हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि बघता बघता सगळेच हसायला लागले. शालिकराम फॉर्म द्यायला यायचा तेव्हा दरवर्षी असंच हसायचे. केशवराव हसता हसता डोळे पुसत होते. भाषण त्यांनी चार मिनिटांत संपवलं. पुढे त्याची मंडळात बरेच दिवस चर्चा होती.

तेवढ्यात साधना पाण्याकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "काकू! लवकर या!"

आम्ही सगळे धावलो. ज्यांचे गुडघे धावत नाहीत ते चालले. काठच्या ओल्या चिखलात पंजा उमटला होता. बशीएवढा. एकच नाही, चार ओळीने पाण्यापर्यंत गेलेले आणि चार ओळीने परत आलेले. शेवटच्या ठशात पाणी अजून झिरपत होतं.

"आजचाच आहे," साधना कुजबुजली. "आपण यायच्या थोडा आधी. गाड्यांचा आवाज ऐकून गेला असेल."

आता मंडळींना राहवेना. "आला रे आला!" "वर्षश्राद्धाले आला!" "शालिकरामले भेटाले आला!" फोन निघाले. ज्याच्याकडे डरकाळी होती त्याने घसा साफ केला. माझ्याही तोंडात एक फार सुंदर वाक्य तयार झालं होतं. ते मी कोणाला सांगणार नाही. वहिनीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ते मी गिळलं. या खेपेला ती नजर मला बरोबर समजली.

ती चिखलापाशी वाकली. चष्मा नीट केला. बराच वेळ त्या पंजाकडे पाहत राहिली. मला वाटलं, रडते की काय. नव्हती रडत. मोजत होती.

साधनाने नोंदवही उघडली, पेन काढलं. "काकू, आजची नोंद. काय लिहू?"

"तुले दिसला काय वो?"

"नाही काकू. ठसेच."

"कोणाले दिसला काय?" वहिनीने वळून सगळ्यांना विचारलं.

केशवरावांनी तोंड उघडलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी झुडपाच्या चित्राकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि तोंड मिटलं.

"नाई दिसला," ते म्हणाले.

"मंग लिही," वहिनी साधनाला म्हणाली. "पंजे आठ. चार येतानी, चार जातानी. वाघ शून्य."

साधनाने लिहिलं. वहिनीने वही हातात घेऊन ते वाचलं, मान डोलावली, आणि गाडीकडे जाताना झुडपाला सहज हात लावून गेली.

आठ दिवसांनी अकोल्याला माझ्या नावे एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या.

'भाऊजींस. सेमाडोह. मोर ३, माकडं २१, एकाने माझी आवळकाठी नेली. वाघ ०. हे माझ्या नावावर धरावे. चहा बरा. पुढच्या महिन्यात साधनासंग चिखलदऱ्याकडे जाणार आहे. तुम्ही येऊ नका, तुम्हाला लगेच वाघ दिसतो.'